तारखांची वही : कर्ज आवरायचे कसे, पत सावरायची कशी

बँकेतून बाहेर पडलेला माणूस घरी फोन करून एवढेच सांगतो, "सिबिलवर अडलं." पुढे काय करायचे ते त्याला कोणी सांगितलेले नसते. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने आकडा वाचून दाखवलेला असतो, ६१० किंवा ५८०. तो आकडा खिशात घेऊन हा माणूस बसथांब्यावर उभा राहतो. आपल्या भाषेत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. उधार मिळण्याची लायकी ही एक पत आणि चार माणसांतली इज्जत ही दुसरी. त्यामुळे आकडा कमी आला की आपली इज्जतच कोणीतरी कमी केली असे वाटते. मग माणूस लाजतो, घरात सांगत नाही, बँकेचे फोन उचलत नाही, आणि या गप्प बसण्याच्या महिन्यांतच खरे नुकसान होते.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करू. हा आकडा तुमची नियत मोजत नाही. तुमचा पगार किती, शिल्लक किती, तुम्ही शेजाऱ्याच्या अडचणीला किती धावता, यातले त्याला काहीही ठाऊक नाही. तो वाचतो मुख्यतः तारखा : पैसे कधी द्यायचे होते आणि कधी दिले. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे मांडतात, तशी ही वही. खाडा कशामुळे झाला हे त्या चौकोनात लिहिलेले नसते, खाडा झाला एवढेच दिसते. पण जे तारखांनी बिघडते ते तारखांनीच सुधारता येते. त्यासाठी योग्य क्रम लागतो आणि थोडा धीर लागतो.

ही वही लिहितो कोण

भारतात कर्जदारांची माहिती एकत्र ठेवणाऱ्या चार संस्था आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. पहिली संस्था २००० साली मुंबईत स्थापन झाली आणि तिचेच नाव लोकांच्या तोंडी इतके बसले की आपण आकड्यालाच 'सिबिल' म्हणू लागलो. या चौघींवर रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे आणि त्यांचा कारभार २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने चालतो.

या संस्था स्वतः काही ठरवत नाहीत. बँका, वित्त कंपन्या, क्रेडिट कार्ड देणारे हे सगळे आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना पाठवतात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जायची. जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरा दिवसांनी पाठवण्याचा नियम आला. याचा उपयोग दोन्ही बाजूंना होतो. हप्ता चुकला तर ते लवकर दिसते, तसेच थकबाकी भरली तर तेही लवकर दिसते.

पगारदारांच्या पतपेढीचे कर्ज, गल्लीतली भिशी, नातेवाइकांकडचे हातउसने यांची नोंद बहुधा या वहीत नसते. पतपेढीचे हप्ते वीस वर्षे चोख भरलेल्या माणसाला बँकेत "तुमचा इतिहासच नाही" असे ऐकायला मिळते ते यामुळेच. अशा माणसाने दुखावून जायचे कारण नाही. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही या एका कारणावरून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. बँक उत्पन्न तपासू शकते, जामीन मागू शकते, पण कोरी वही म्हणजे खराब वही नव्हे.

आकडा कशाने बनतो

आकडा ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. कायद्याने ठरवलेली उत्तीर्णतेची रेषा नाही. प्रत्येक बँक आपली रेषा स्वतः आखते, मात्र ७५० च्या वर बहुतेकांचे काम सुलभ होते. नेमके सूत्र या संस्था उघड करत नाहीत, तरी त्यात काय धरले जाते ते माहीत आहे.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वेळेवर परतफेड. अहवालात प्रत्येक कर्जापुढे मागच्या ३६ महिन्यांचे चौकोन असतात. हप्ता वेळेवर गेला तर तिथे ००० दिसतात. उशीर झाला तर किती दिवस झाला तो आकडा दिसतो : ०२८, ०५८, ०९१. बँका या दिवसांचे टप्पे करतात. तीस दिवसांपर्यंत पहिला टप्पा, साठपर्यंत दुसरा, नव्वदपर्यंत तिसरा. नव्वद दिवस ओलांडले की कर्ज 'एनपीए', म्हणजे अनुत्पादक ठरते. ही रेषा जपण्यासारखी आहे. कारण एकदा खाते एनपीए झाले की एखाददुसरा हप्ता भरून ते नियमित होत नाही, मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरावी लागते. शिवाय त्याच बँकेत तुमचे दुसरे कर्ज नीट चालू असले तरी तेही एनपीएत ओढले जाते.

दुसरी गोष्ट, मर्यादेचा वापर. क्रेडिट कार्डाची मर्यादा ९०,००० आणि बाकी ८०,००० असेल तर तुम्ही जवळपास ८९ टक्के वापर करत आहात. वेळेवर भरत असलात तरी हे ओढाताणीचे लक्षण मानले जाते. वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवावा असा व्यवहारातला सल्ला आहे, म्हणजे इथे २७,००० च्या आत.

तिसरी गोष्ट, कर्जांचे वय आणि प्रकार. दहा वर्षे नीट चाललेले जुने कार्ड वहीला वजन देते, म्हणून ते रागाने बंद करण्याची घाई नको. सगळीच कर्जे विनातारण असतील तर चित्र कमकुवत दिसते. सोबत घराचे किंवा गाडीचे कर्ज असेल तर ते बरे दिसते.

चौथी गोष्ट, चौकशा. तुम्ही कर्जाचा अर्ज केला की ती बँक तुमचा अहवाल मागवते आणि त्याची नोंद राहते. नकार मिळाल्यावर माणूस घाबरून एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज करतो आणि पाच चौकशा लागोपाठ नोंदल्या जातात. पाहणाऱ्याला वाटते, हा पैशासाठी दारोदार फिरतो आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र आकडा एका गुणानेही उतरत नाही, हे नक्की लक्षात ठेवा.

पहिले काम : अहवाल मागवा आणि पेन घेऊन वाचा

चारही संस्थांनी प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल, आकड्यासकट, फुकट द्यायचा असतो. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक देऊन तो मिळतो. चार संस्था आहेत, म्हणून दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला तर वर्षभर आपली वही आपल्या नजरेखाली राहते.

अहवाल छापून घ्या. आधी नाव, पॅन, पत्ता, फोन तपासा. मग एकेका कर्जाशी थांबा आणि पाच प्रश्न विचारा. हे कर्ज माझे आहे का? यात मी कर्जदार आहे, सहकर्जदार आहे की जामीनदार? बाकी रक्कम बरोबर आहे का? चौकोनांतला उशीर खरा आहे का? आणि खात्याची स्थिती काय लिहिली आहे?

जामीनदाराचा प्रश्न आपल्याकडे फार नाजूक आहे. चुलत्याच्या ट्रॅक्टरला किंवा सहकाऱ्याच्या कर्जाला भिडेखातर सही केलेली असते आणि ती विसरूनही गेलेली असते. ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसते. त्याने हप्ते थकवले तर बँक तुमच्याकडे मागणी करू शकते आणि त्या थकबाकीने तुमचीही पत बिघडते. अहवालातून हे कळले तर भांडायला जाण्याआधी त्याला शांतपणे भेटा. बहुतेकदा तोही लाजेपोटी गप्प असतो.

चूक सापडली तर

चुका होतात. फेडलेले कर्ज चालू दिसते, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या माथी येते, एकच कर्ज दोनदा दिसते. अशी चूक आढळली तर त्या पतमाहिती संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि ज्या बँकेची नोंद आहे तिलाही लेखी कळवा. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय संस्था नोंद बदलू शकत नाही, म्हणून दोन्हीकडे कळवणे बरे. सोबत पुरावा जोडा : कर्जखात्याचा उतारा, हप्त्याची पावती, बेबाकी दाखला.

तक्रारीचे उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. ते झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार फेटाळली तर कारणही द्यावे लागते. एवढे करूनही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि २०२२ पासून पतमाहिती संस्थाही या योजनेत आल्या आहेत. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. त्याआधी बँकेकडे किंवा संस्थेकडे केलेल्या तक्रारीची तारीख आणि क्रमांक मात्र जपून ठेवलेला हवा.

इथेच एक सावधगिरीही सांगायला हवी. "पाच हजारांत सिबिल क्लिअर करून देतो" असे फलक आणि फोन सगळीकडे आहेत. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करू शकता, आणि खरी नोंद पुसण्याचा अधिकार कोणालाच नाही. अशा माणसाला पॅन, आधार आणि ओटीपी देणे म्हणजे एका संकटावर दुसरे ओढवून घेणे आहे.

दुसरे काम : घराचा हिशेब एका कागदावर

आता मूळ कर्जाकडे वळू. आकडा सुधारण्याचा मार्ग घरखर्चाच्या वहीतून जातो. उदाहरणासाठी एक काल्पनिक घर घेऊ. भोसरीत नवरा कारखान्यात, हातात ३८,००० येतात. बायको घरी शिवणकाम करते, त्याचे ७,०००. महिन्याला ४५,०००. घरभाडे ९,०००, किराणा-दूध-भाजी ९,५००, गॅस-वीज-मोबाइल ३,०००, शाळा ३,०००, येणे-जाणे ३,०००, औषधपाणी १,५००. म्हणजे घराला २९,००० लागतातच.

आता देणी. क्रेडिट कार्डावर ८०,००० बाकी, व्याज महिना ३.५ टक्के, हे लोक दर महिन्याला किमान रक्कम म्हणून ४,००० भरतात. वैयक्तिक कर्ज २ लाख, १६ टक्क्यांनी, हप्ता ७,०३०. दुचाकीचा हप्ता २,६००, अजून १९ महिने. मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेले १५,०००, त्याचे ५,४०० चे तीन हप्ते बाकी. भिशी २,०००, दहा जणांची, नंबर अजून उचललेला नाही. शिवाय मेहुण्यांकडून हातउसने घेतलेले २५,०००, त्यांना व्याज नाही.

बेरीज करा. देण्यांचे २१,०३० आणि घराचे २९,०००, एकूण ५०,०३०. हातात ४५,०००. दर महिन्याला ५,०३० कमी पडतात. हे घर उधळे आहे का? अजिबात नाही. पण ही तूट कागदावर कधी मांडली गेली नाही, म्हणून ती दर महिन्याला कार्डावर किंवा नव्या अ‍ॅपवर गेली. कर्ज वाढत जाते ते असे, कोणतीही एक मोठी चूक न करता.

आता कार्डाचे ४,००० कुठे जातात ते पाहा. ८०,००० वर ३.५ टक्क्यांनी व्याज २,८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४. मिळून ३,३०४. मुद्दलातून उतरतात केवळ ६९६. किमान रक्कम भरल्याने अहवालात खाडा लागत नाही, हे खरे. पण कर्ज जिथल्या तिथे राहते, आणि बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. साखर आणली तरी त्याच दिवसापासून व्याज सुरू.

यातून वाट काय? आधी कार्ड वापरणे पूर्ण थांबवायचे. मग देण्यांची यादी व्याजाच्या उतरत्या क्रमाने लावायची. अ‍ॅपचे कर्ज महिन्याला सुमारे ४ टक्क्यांनी पडते, ते सर्वांत वर. कार्ड ३.५ टक्क्यांनी, ते त्याखाली. भिशीचा नंबर या महिन्यात मागून घेतला तर २०,००० हातात येतात. त्यातले १५,००० देऊन अ‍ॅपचे कर्ज मिटवले की ५,४०० चा हप्ता लगेच थांबतो. मुदतपूर्व परतफेडीचा आकार आहे का ते आधी विचारून घ्यायचे. उरलेले ५,००० कार्डात. कार्डाची बाकी ७५,००० झाली.

आता कार्ड देणाऱ्या बँकेला फोन करून ही बाकी हप्त्यांत बदलून मागायची. अशी सोय बहुतेक बँका देतात, आणि तिचा दर कार्डाच्या नेहमीच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो. समजा वर्षाला १८ टक्क्यांनी २४ महिने मिळाले, तर हप्ता येतो सुमारे ३,७४४, सोबत व्याजावरचा जीएसटी पहिल्या महिन्यात २०० च्या आसपास. प्रक्रिया शुल्क किती ते विचारून घ्यावे. म्हणजे आजवर जे ४,००० भरूनही कर्ज हलत नव्हते, तेवढ्याच पैशांत ते दोन वर्षांत संपते. ज्या घरांना हे कोणी सांगितलेले नाही अशी घरे मोजता येणार नाहीत इतकी असतील, म्हणून हा हिशेब मी रुपयारुपयाने मांडला.

नवी बेरीज : कार्ड ३,९४४, वैयक्तिक कर्ज ७,०३०, दुचाकी २,६००, भिशी २,०००, मिळून १५,५७४. घराचे २९,०००. एकूण ४४,५७४. घर महिन्यात बसले, चारशेवर रुपये उरलेही. पुढे भिशी संपली की २,००० सुटतात, दुचाकी फिटली की २,६०० सुटतात. सुटलेला प्रत्येक हप्ता खर्चात मिसळू न देता पुढच्या कर्जाला जोडायचा. मेहुण्यांना भेटून स्पष्ट सांगायचे, "भिशी संपली की दर महिन्याला दोन हजार देतो." ठरलेली तारीख दिली की नातेही टिकते.

प्रत्येक घरात भिशी नसेल. मग मोडता येण्यासारखी मुदत ठेव आहे का ते पाहा. ठेवीवर ७ टक्के मिळवत कार्डावर ४२ टक्के भरणे तोट्याचे आहे. सोनेतारणाचे व्याजही कार्डापेक्षा पुष्कळ कमी असते, पण हप्ते थकले तर दागिन्याचा लिलाव होतो. परतफेडीची तारीख आधी ठरवूनच डबा उघडावा. आणि हे सगळे नवरा-बायकोने एकत्र बसून करावे. एकाने लपवलेले कर्ज दुसऱ्याच्या काटकसरीने फिटत नाही.

पैसे सगळ्यांना पुरत नसतील तर

कधी नोकरी जाते, आजारपण येते आणि असा नीटस हिशेब शक्यच होत नाही. तेव्हा आधी घराचे धान्य, औषध, मुलांची शाळा. मग ज्यावर छप्पर तारण आहे ते कर्ज. मग ज्यांची थकबाकी नव्वद दिवसांच्या जवळ आली आहे ती खाती. एक कर्ज वीस दिवस आणि दुसरे पंचाहत्तर दिवस थकले असेल, तर दुसऱ्याला आधी हात द्या.

बँकेला हप्ता चुकण्याआधी भेटा. पगार सात तारखेला आणि हप्ता पाच तारखेला असेल तर तारीख बदलून मागा, कारण खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की तुमच्या बँकेचा आणि कर्ज देणाऱ्याचा, दोघांचाही आकार बसतो. मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का ते विचारा. अशा फेररचनेची नोंद अहवालात राहू शकते, पण महिनोन्‌महिने थकण्यापेक्षा ती सोसण्याजोगी असते. कार्डाच्या बाबतीत तीन दिवसांची थोडी सवड आहे. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच थकबाकी कळवता येते आणि उशिराचा आकार लावता येतो.

तडजोड करावी का

बराच काळ थकलेल्या कर्जात बँक एकरकमी परतफेडीचा प्रस्ताव देते : दोन लाख येणे आहे, सव्वा लाख द्या, मिटवून टाकू. मोह होतो. पण अहवालात त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' लागते, आणि पुढची बँक ते 'पूर्ण पैसे दिले नाहीत' असेच वाचते. शेतकर्जे सोडली तर तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच बँकेने किमान बारा महिने नवे कर्ज देऊ नये असेही २०२३ पासूनचे धोरण आहे. 'रिटन ऑफ', म्हणजे निर्लेखित, हा शब्द दिसला तर कर्ज माफ झाले असे समजू नका. बँकेने ते आपल्या हिशेबातून काढले, तुमचे देणे मात्र कायम आहे.

पूर्ण भरणे शक्य असेल तर थोडे थांबून का होईना पूर्णच भरा. शक्यच नसेल तर तडजोड करा, कारण उघड्या थकबाकीपेक्षा मिटलेले खाते बरे. फक्त आधी बँकेचे पत्र हातात घ्या. त्यात रक्कम, अंतिम तारीख आणि खाते कसे नोंदले जाईल हे लिहिलेले हवे. पैसे कर्जखात्यातच भरा, वसुली करणाऱ्या माणसाच्या हातात देऊ नका. नंतर बेबाकी दाखला घ्या. पुढे ऐपत आली तर सोडलेला फरक भरून नोंद 'क्लोज्ड' करून देता का, असे बँकेला विचारता येते.

दारावर वसुली आली तर

निव्वळ कर्ज थकले म्हणून कोणी तुरुंगात टाकत नाही, तो दिवाणी मामला आहे. मात्र दिलेला धनादेश वटला नाही तर तो गुन्हा ठरू शकतो, आणि खात्यातून परस्पर वळता होणारा हप्ता परत गेला तरीही तशी कारवाई होऊ शकते. म्हणून न्यायालयाची नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका, तारखेला हजर राहा.

वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये, नातेवाईक आणि मित्रांसमोर बदनामी करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमच्या फोनमधले संपर्क आणि छायाचित्रे वाचण्याची परवानगी नाही. पैसे देणारी बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनी कोणती, हे त्याने सांगितलेच पाहिजे, आणि वार्षिक खर्चाची टक्केवारी असलेले माहितीपत्रक आधी दिले पाहिजे. परवानगीप्राप्त संस्थांशी जोडलेल्या अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. गावातल्या खासगी सावकारालाही २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार परवाना लागतो. विनापरवाना सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

आणि एक कळकळीने सांगायचे आहे. देण्याच्या ओझ्याखाली रात्र सरत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. कर्जाला मुदत वाढवून मिळते. गेलेले माणूस घरी परत येत नाही.

नवी पाने

थकबाकी मिटली, चुका दुरुस्त झाल्या. आता नवे, स्वच्छ महिने लिहायचे. कोणी कार्ड देत नसेल तर बँकेत पंधरा-वीस हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर कार्ड मागा. अशी कार्डे आकडा कमी असलेल्यांनाही मिळतात. त्यावर महिन्याचे वीजबिल किंवा गॅस एवढाच खर्च करा आणि देय तारखेच्या आधी पूर्ण रक्कम भरा. किमान नव्हे, पूर्ण. सहा महिने तरी नवा अर्ज कुठेही करू नका. जे हप्ते चालू आहेत ते खात्यातून आपोआप जातील अशी व्यवस्था करा आणि हप्त्याच्या दोन दिवस आधी खात्यात पैसे आहेत का ते पाहा.

किती काळ लागेल? कार्डाची बाकी उतरली तर काही आठवड्यांत फरक दिसू शकतो. चुकलेल्या हप्त्यांची छाया मात्र हळूहळूच फिकी होते. या संस्था माहिती किमान सात वर्षे जपतात, तरी कर्ज देणारा आधी ताजे महिने पाहतो. सलग वर्षभर ००० दिसले की त्याची बोलण्याची भाषा बदलते, आणि तीन वर्षे झाली की त्या ३६ चौकोनांतून जुने खाडे सरकून गेलेले असतात.

म्हणून आज घरी गेल्यावर एक करा. भिंतीवरचे कालनिर्णय उतरवा. दुधाचे खाडे जिथे मांडता त्याच पानावर प्रत्येक हप्त्याची तारीख लाल पेनाने लिहा आणि हप्ता गेला की त्यापुढे बरोबरची खूण करा. बँकेची वही दुसरे लोक लिहितात, पण तिच्यात काय लिहायचे ते या भिंतीवर ठरते. पहिली खूण होईपर्यंत धाकधूक राहील. सहावी होईल तेव्हा फोन वाजला तर तुम्ही तो उचलाल.